देवाचा वाघ, सरकारचा वाघ

शाळेत असताना भूगोलाच्या पुस्तकात 'भारतातील नैसर्गिक वनस्पती' नावाचा एक धडा होता. त्यातला नकाशा मला अजून आठवतो. पश्चिम किनाऱ्याला लागून गडद हिरव्या रंगाची एक उभी पट्टी आणि तिच्यावर 'सदाहरित वने' अशी अक्षरे. त्या पट्टीत आपला गोवा नेमका कुठे येतो ते बोट ठेवून शोधायचा आम्हा मुलांना नाद होता. धड्याच्या शेवटी 'वन्यप्राण्यांचे संरक्षण' असे दोन परिच्छेद असत. त्यांतली अभयारण्यांची नावे परीक्षेला हमखास येत, म्हणून ती घोकून पाठ केलेली. त्या सगळ्या धड्यात रानात राहणारा माणूस मात्र कुठेच नव्हता.

तो मला भेटला पुढे, सत्तरीत फिरू लागलो तेव्हा. एका राईच्या कडेला दगडात कोरलेला वाघ पाहिला. जेमतेम हातभर उंच, ऊनपावसाने झिजलेला, पायाशी सुकलेली फुले आणि नारळाची करवंटी. हा वाघ्रोदेव. सत्तरी आणि सांगे भागांत असे वाघ अनेक ठिकाणी पुजले जातात. सोबत गावातला एक म्हातारा होता. मी त्याला सहज म्हटले, हल्ली सरकारसुद्धा वाघाची एवढी काळजी करते, तुम्हांला बरे वाटत असेल. तो हसला आणि म्हणाला, "पुता, देवाचो वाग वेगळो आनी सरकाराचो वाग वेगळो."

त्या वेळी मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. रान एक, वाघ एक, मग त्याचे दोन वाघ कधी झाले आणि कोणी केले? हे शोधताना जे वाचले आणि पाहिले, ते आज इथे मांडतो आहे.

सुरुवात ब्रिटिश हिंदुस्थानापासून करावी लागते, कारण आज आपल्याकडे लागू असलेल्या वन कायद्यांचे मूळ तिथे आहे. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर रूळ पडू लागले. रुळांखाली लाकडी स्लीपर लागतात आणि ते टिकाऊ लाकडाचेच हवेत. जहाजांसाठी साग आधीपासूनच तुटत होता, त्यात ही नवी भूक. लाकूड संपेल ही भीती वाटू लागली तेव्हा सरकारने १८६४ मध्ये वन खाते उभे केले. त्याच्या प्रमुखपदी डिट्रिच ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आले. त्यांनी त्याआधी ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांचा कारभार पाहिला होता. १८६५ मध्ये पहिला वन कायदा झाला आणि १८७८ मध्ये दुसरा, अधिक कडक.

ह्या १८७८ च्या कायद्याने जंगलांचे तीन वर्ग केले. राखीव, संरक्षित आणि ग्रामवने. सोप्या भाषेत सांगायचे तर राखीव रानात परवानगी दिली नसेल ते सगळे मना, आणि संरक्षित रानात मना केले नसेल ते सगळे चालते. कायदा होण्याआधी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला. गावांकडे त्यांची स्वतःची रानेही राहावीत असे ब्रँडिस यांचे मत होते, तर बेडन-पॉवेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांना सरकारचा पूर्ण ताबा हवा होता. त्यांच्या मते गावकऱ्यांचा जंगलातला वापर हा हक्क नव्हताच, ती फक्त सरकारने दिलेली मुभा होती. कायद्यात त्यांचीच सरशी झाली. ग्रामवने बहुतांशी कागदावरच राहिली.

राज्यकर्त्यांना लाकूड हवे असणे ही काही नवी गोष्ट नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातही आरमारासाठी लाकूड कसे आणावे ह्याचा विचार आहे. पण तिथे आंबा-फणसासारख्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरासारखी बहुत दिवस वाढवलेली असतात, अशी समज आहे. झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच तोडावे असे ते सांगते. म्हणजे झाडाला धनी आहे हे तिथे गृहीत धरलेले आहे. १८७८ नंतर राखीव रानापुरता धनी एकच उरला.

ह्या सगळ्यानंतर माझ्या पुस्तकातला तो नकाशा येतो. चॅम्पियन ह्या वन अधिकाऱ्याने १९३६ मध्ये हिंदुस्थानातल्या जंगलांचे प्रकार लावले आणि १९६८ मध्ये शेठ यांच्यासोबत त्यात सुधारणा केली. पाऊस, उष्णता आणि उंची पाहून केलेले १६ मुख्य गट. काम मोठे आहे आणि आजही त्याच्यावाचून भागत नाही. पण ही विभागणी झाडांची आहे. कुठल्या राईत कोण पाया पडतो आणि कुठल्या उतारावर कोण नाचणी पेरतो, हे तीत दिसायचे कारणच नाही.

आता आपल्या गोव्याकडे वळू. इथे १९६१ पर्यंत ब्रिटिशांचा कायदा नव्हता. पोर्तुगीजांचा मुख्य जीव तिसवाडी, बार्देश आणि साष्टी ह्या जुन्या काबिजादीत. तिथे खाजने, माड आणि भाते. दाट रान होते ते अठराव्या शतकात त्यांच्याकडे आलेल्या नव्या काबिजादीत, म्हणजे सत्तरी, सांगे, केपे, काणकोण ह्या भागांत. आणि सत्तरी त्यांच्या हाती कधीच नीट बसली नाही. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी उठाव केला, १८९५ मध्ये दादा राणे यांनी. ह्या उठावांना सह्याद्रीच्या रानानेच आसरा दिला. शिपायांना वाट सापडत नसे आणि राण्यांच्या माणसांना प्रत्येक ओहोळ पाठ. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीजांनीही जंगलांसाठी वेगळा कारभार सुरू केला, काही ठिकाणी साग लावला, पण घाटाच्या पायथ्याची गावे पुष्कळशी आपल्याच रीतीने जगत राहिली.

ह्या रीतीत दोन गोष्टी होत्या, कुमेरी आणि देवराई.

कुमेरी म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती. हिवाळा सरला की उतारावरची झाडी तोडायची, उन्हात वाळू द्यायची, पावसाआधी पेटवायची आणि त्या राखेत नाचणी, वरी पेरायची. एकदोन वर्षांनी ती जागा सोडून द्यायची आणि पुढच्या उतारावर जायचे. सोडलेल्या जागेवर काही वर्षांत पुन्हा रान चढे. काणकोण, केपे, सांगे भागांतले वेळीप आणि गावकर हीच शेती करीत आले. शेजारच्या कारवार-मंगळूर पट्ट्यात ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकातच कुमेरीवर बंधने घातली. त्यांना ती लाकडाची नासाडी वाटे. गोव्यात ही बंधने खऱ्या अर्थाने मुक्तीनंतर जाणवली.

दुसरी गोष्ट देवराई. गावाच्या हद्दीत रानाचा एक तुकडा देवाचा. तिथे कुऱ्हाड चालवायची नाही, काही ठिकाणी तर वाळकी फांदीही घरी न्यायची नाही, पायताण बाहेर काढून आत शिरायचे. केरीची आजोबाची राय, बांबरची निरंकाराची राय ही सत्तरीतली नावे पुष्कळांना ठाऊक असतील. निरंकाराच्या राईत रानजायफळांची दलदल आहे. पाण्यात उभी झाडे आणि हवा घेण्यासाठी चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे. ही झाडी फार पुरातन आणि सह्याद्रीत आता मोजक्याच जागी उरलेली. ती वाचली ते गावाने जागा देवाची मानली म्हणून. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी १९६६ मध्ये गोमंतकातल्या वनस्पतींची मोठी सूची प्रसिद्ध केली. त्यांनीच पुढे १९७० च्या दशकात डॉ. माधव गाडगीळ यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून हा ठेवा शास्त्रज्ञांच्या नजरेत आणला.

वाघ ह्याच देवांच्या मालिकेत बसतो. सत्तरीतला वाघेरी डोंगर घ्या किंवा फोंडा तालुक्यातले वाघुर्मे गाव घ्या, नावातच वाघ ऐकू येतो. वाघ गुरे मारी, कधी माणसावरही येई, म्हणूनच त्याला देव मानून नवस बोलायचा. तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या वाटेने जातो, असा तो करार.

पूर्वी सगळे छान होते असे मात्र मी म्हणणार नाही. गावागावांत पारध होई, बंदुकीची शिकार चाले आणि हौशी शिकाऱ्यांचे पाहुणचारही होत. गावे वाढली तशी कुमेरीच्या दोन पाळ्यांमधली वर्षे कमी होऊ लागली आणि उतार उघडे पडू लागले. देवराया राखल्या गेल्या, पण त्या एवढ्याएवढ्याशा. त्यांच्यावर अख्ख्या रानाचा भार टाकता आला नसता.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि हळूहळू भारतीय कायदे इथे आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मोले, खोतीगाव आणि बोंडला ही अभयारण्ये झाली. मोल्याला पुढे भगवान महावीर यांचे नाव मिळाले आणि त्याचा एक भाग १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. देशभर तेव्हा वाघाची हाकाटी चालू होती. १९७२ च्या मोजणीत साऱ्या भारतात १,८२७ वाघ निघाले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या ९ प्रकल्पांत आपल्या ओळखीचे मेळघाट होते. आणखी पुढे, १९८० च्या वन संवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यासाठी केंद्राची परवानगी लागू लागली. ह्या कायद्यांनी देशाची राने वाचवली हे मान्यच करायला हवे.

गोव्यातले मोठे पाऊल पडले १९९९ मध्ये. राज्यात राष्ट्रपती राजवट होती आणि राज्यपालपदी होते लेफ्टनंट जनरल जेकब, १९७१ च्या बांगलादेश युद्धात ढाक्याच्या शरणागतीची बोलणी करणारे तेच. त्यांच्या काळात म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर झाली. म्हादई सुमारे २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी सुमारे २११. त्याआधीची सगळी संरक्षित क्षेत्रे मिळून ३३५ च्या आसपास होती. म्हणजे एका फटक्यात हा आकडा दुपटीच्या पुढे, साधारण ७५५ वर गेला. ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याचा हा पाचवा हिस्सा झाला. काळी नदीच्या खोऱ्यातले दांडेलीचे रान, भीमगडचे रान आणि तिळारीचे रान ह्यांना सांधणारा दुवा त्यामुळे सुरक्षित झाला. सत्तरी-सांग्यात लोहखनिजाच्या खाणी किती पसरल्या होत्या ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ह्या निर्णयाचे मोल वेगळे सांगायला नको. निवडून आलेल्या सरकारला तो घेणे जमले असते असे मला वाटत नाही.

पण ह्यातच दुखणेही होते. लोकांशी बोलायचे काम मागे राहिले. अभयारण्यात गावे आहेत, काजूच्या बागा आहेत, गुरे चारायच्या जागा आहेत. कुमेरी गेली तेव्हा त्या उतारांवर लोकांनी काजू लावला आणि त्याच काजूवर वर्षाचा खर्च निघतो. कोणाचा कोणत्या जागेवर काय हक्क आहे हे तपासून निकाली काढावे असे कायदाच सांगतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने तर आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींना हे हक्क नावानिशी दिले. तरीही गोव्यातले हे काम वर्षानुवर्षे रखडले. काजू आपला की सरकारचा हे ठाऊक नसलेला माणूस रानाकडे कोणत्या नजरेने पाहील? शेजारच्या डोंगरावर खाण चालते आणि आपल्याला सुकी लाकडे आणायला मनाई, हा हिशेब त्याला कळत नाही. खरे सांगायचे तर तो मलाही कळत नाही.

वाघाचे म्हणाल तर गोव्यात वाघ राहत नाहीत, ते शेजारच्या राज्यातून येऊन जातात, असे कितीतरी वर्षे ऐकवले जात होते. २००९ मध्ये केरीत वाघ मारला गेल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा त्या बोलण्यातला फोलपणा दिसला. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी म्हादईत व्याघ्र प्रकल्प करावा असे राज्याला कळवले. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानेही तेच सुचवले. काही झाले नाही. २०१४ च्या देशव्यापी मोजणीत गोव्याच्या नावावर ५ वाघ होते, २०१८ च्या मोजणीत ३.

आणि मग जानेवारी २०२०. सत्तरीतल्या गोळावलीजवळ, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विष घालून मारलेले. जवळच गुरे पाळणाऱ्या एका कुटुंबातल्या माणसांना अटक झाली. वाघाने त्यांचे जनावर मारले होते आणि त्याच्याच मढ्यात विष कालवले गेले असे तपासात पुढे आले.

ही बातमी वाचली त्या दिवशी मला तो म्हातारा आठवला. त्याच तालुक्यात लोक वाघाला नारळ फोडतात आणि त्याच तालुक्यात वाघाचे अख्खे कुटुंब विषाने मेले. कृत्य भयंकरच, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण त्याचा उगम कुठे आहे हे पाहिले नाही तर ते पुन्हा घडेल. पूर्वी वाघाने म्हैस नेली तर ती देवाने नेली. दुःख होई, पण भांडायचे कोणाशी? आता तोच वाघ सरकारी नोंदीतला. म्हैस नेली तर सरकारच्या वाघाने नेली, आणि सरकार भरपाई देणार असेल तर ती वेळेवर यायला हवी, पुरेशीही हवी. चार दुभत्या जनावरांवर संसार चालवणाऱ्याची एक म्हैस गेली तर त्याच्या घरातला पाव हिस्सा गेला. कागद घेऊन खेटे घालायला त्याला वेळ नसतो. तोवर देवाची भीती संपलेली असते आणि सरकारवरचा विश्वास बसलेला नसतो.

देशात अन्यत्रही हेच शिकायला मिळाले होते. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात २००५ मध्ये एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. तेव्हा सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कृती दलाने निव्वळ पहारा वाढवण्यापलीकडे जाऊन आसपासच्या लोकांना संरक्षणात वाटेकरी करून घेण्यावर भर दिला. पुढे वाघ वाढले, २००६ च्या १,४११ वरून २०२२ मध्ये अंदाजे ३,६८२ झाले. ह्या यशात रानाशेजारच्या माणसांनी सोसलेला भागही धरायला हवा.

गोव्यातले प्रकरण शेवटी न्यायालयात गेले. २४ जुलै २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करावा असा आदेश दिला. त्याच निकालात लोकांचे वनहक्काचे दावे बारा महिन्यांत निकाली काढा असेही सांगितले होते. प्रकल्पाची बातमी गावोगाव पोहोचली, दाव्यांचे कलम मात्र फारसे कोणाला ऐकू गेले नाही. 'आता आम्हांला उठवणार' एवढीच हाळी उठली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये त्या न्यायालयाने केंद्रीय अधिकारप्राप्त समितीला ह्या प्रश्नात लक्ष घालायला सांगितले.

माझे स्वतःचे मत विचाराल तर व्याघ्र प्रकल्प व्हायला हवा. म्हादई ही आपल्या मांडवीचीच वरची धार. ते रान राहिले तर आपल्या नळाला पाणी राहील, इतका हा साधा व्यवहार आहे. पण त्या आधी किंवा निदान त्याच्या बरोबरीने दावे निकाली निघायला हवेत. काजू कोणाचा ते कागदावर यायला हवे. मेलेल्या जनावराचे पैसे पुढच्या पावसाची वाट न पाहता मिळायला हवेत. देवराईची हद्द कोणी तारेचे कुंपण घालून राखली नव्हती. ती गावाने आखली होती, म्हणून गावाने पाळली. १८७८ पासून आपण रानाच्या हद्दी कचेरीत बसून आखत आलो आणि त्या राखायला मात्र गावाने मदत करावी अशी अपेक्षा धरून बसलो.

गेल्या खेपेस त्या राईकडे पुन्हा गेलो होतो. म्हातारा आता नाही. दगडी वाघ आहे तिथेच आहे, पायाशी ताजी फुले होती. त्याच्या नातवाशी बोललो. तो अभयारण्याच्या हद्दीतल्या काजूच्या दाव्याची फाईल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो. त्याने ती मला उलगडून दाखवली, पावतीवरचा शिक्का दाखवला आणि विचारले, "हें केन्ना जातलें?"

मला उत्तर देता आले नाही. तुम्हांला ठाऊक असेल तर त्याला जरूर सांगा. त्याच्या राईतला वाघ पुन्हा एकच व्हायचा असेल, तर ते त्या पिशवीतल्या फाईलपासूनच सुरू होईल असे मला वाटते.